गरी त्यांची, विळी आमची

ज्येष्ठ नागरिक संघ ही आता महाराष्ट्राला नवी गोष्ट राहिलेली नाही. शहरातल्या निवृत्तांनी सुरू केलेले हे संघ तालुक्याच्या गावी आणि तिथून मोठ्या खेड्यांतही पोचले आहेत. मासिक सभा, सभासदांचे वाढदिवस, रक्तदाब आणि साखरेची तपासणी, कोजागिरीचं दूध, वर्षातून एक सहल, असा त्यांचा ठरलेला कार्यक्रम असतो. रत्नागिरी जिल्ह्यात मी ज्या खाडीकाठच्या गावांमधून काम करते, त्यांतल्या एका गावच्या संघानं याला एक जोड दिली आहे. संघातल्या वीसेक जणांनी हौशी मासेमारीचा गट काढला आहे. दर रविवारी, आणि ज्यांना जमेल ते अधल्यामधल्या दिवशीही, जुन्या धक्क्यावर गरवायला बसतात. निवृत्त शिक्षक, बँकेतले, एसटीतले, मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेले चाकरमानी. सगळे पुरुष.

यात आपल्या अंकात लिहिण्यासारखं काय आहे, असं काही मैत्रिणींना वाटेल. कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी पडून आहेत, निराधार योजनेचे अर्ज तहसीलमध्ये अडकले आहेत, आणि ही म्हाताऱ्यांच्या गळाबद्दल काय लिहितेय! पण गेलं वर्षभर या धक्क्याच्या आसपास जे पाहते आहे, त्यावरून माझं मत असं झालं आहे की फुरसत हाही बाईच्या हक्काचा प्रश्न आहे, आणि म्हातारपणी तो सर्वांत उघडा पडतो. नोकरीतून माणूस निवृत्त होतो. चुलीतून बाईला निवृत्त करणारा आदेश कुठल्याच कार्यालयातून निघत नाही.

आधी या गटाबद्दल चांगलं सांगते, कारण ते खरं आहे. गट शिस्तीचा आहे. एक वही आहे, तीत कोण आलं, भरती कधी होती, कुणाला काय लागलं याची नोंद होते. बहुतेकांकडे साधी बांबूची काठी आणि तंगूस, दोघा-तिघांकडे मुलांनी मुंबईहून पाठवलेले रीळवाले रॉड. आमिषाला कोळंबी नाहीतर गांडूळ. लागलं तर तांबोशी, गोबरा, बहुतेक वेळा शेंगटी. अगदी लहान मासा परत पाण्यात सोडायचा असा नियम आहे आणि तो पाळला जातो. १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी बंदी यांत्रिक बोटींना असते, काठावरून गरवणाऱ्यांना नसते, तरी त्या दोन महिन्यांत धक्का निसरडा म्हणून गट स्वतःहून बंद राहतो. त्या काळात सभासदांच्या घरी चहा आणि गप्पा. वर्षातून एकदा स्पर्धा होते. दोन तासांत ज्याला सगळ्यांत वजनदार मासा लागेल त्याला शाल आणि नारळ.

या गटानं काही माणसं वाचवली आहेत असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. बायको गेल्यावर वर्षभर घराबाहेर न पडलेले एक गुरुजी आज गटाची वही सांभाळतात. संध्याकाळी बाटली जवळ करणारे एक जण आता पहाटे उठायचं म्हणून लवकर झोपतात. मला या माणसांचा राग नाही. म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत बसायला जागा, वेळ आणि निमित्त मिळालं की काय होतं, याचा हा नमुनाच आहे. माझा प्रश्न एवढाच, की हे औषध अर्ध्याच रोग्यांना का दिलं?

निमित्त हा शब्द मी मुद्दाम वापरला. सकाळी दोन तास पाण्याकडे बघत बसलेल्या माणसाला गाव ‘रिकामा बसलाय’ म्हणत नाही. तो ‘गरवतोय’. काठी हातात असली की बसण्याला काम म्हणतात. त्या दोन तासांत मासा लागला नाही तरी कुणी जाब विचारत नाही. गरी हा त्याचा परवाना आहे.

बाईला असा परवाना कुठला? शोधायला लागलं की लक्षात येतं, तिलाही परवाने आहेत, पण ते सगळे दुसऱ्याच्या नावानं काढलेले. देवाच्या नावानं भजन, काकड आरती, देवदर्शनाची सहल. नवऱ्याच्या नावानं हळदीकुंकू, ज्यात विधवेला आजही बऱ्याच घरी बोलावणं नसतं. नातवाच्या नावानं शाळेच्या फाटकापाशी उभं राहणं. आणि यातलं काहीच नसेल तर निदान हात तरी चालले पाहिजेत. वाती वळायच्या, लसूण सोलायची, आमसुलं उलटवायची, काजू फोडायचे. ओटीवर नुसती बसलेली म्हातारी दिसली की येणारा-जाणारा विचारतो, “काय, बरं नाही वाटत?” आजारी असल्याशिवाय बाई बसूच शकत नाही, हे इतकं गृहीत आहे.

या गावात गेल्या हिवाळ्यात आम्ही साठीच्या पुढच्या बायकांची बैठक घेतली. विषय आरोग्य तपासणीचा होता. शेवटी सहज विचारलं, संघात तुम्हांला काय हवं? योजना, औषधं, चष्मे, अशी ठरलेली उत्तरं आली. मग मागं बसलेली एक आजी म्हणाली, “बाय, मला धक्क्यावर जाऊन बसायचंय. नुसतं.” सगळ्या हसल्या. तीही हसली. पण तिनं शब्द मागं घेतला नाही. लहानपणी बापाबरोबर ती होडीत जायची, गरी टाकायची, बापापेक्षा तिलाच जास्त लागायचं. न्हाण आलं आणि होडी बंद झाली. लग्नानंतर पन्नास वर्षं ती त्याच खाडीपासून हाकेच्या अंतरावर राहते, पण धक्क्यावर गेली ती फक्त दोनदा, दोन्ही वेळा कुणाच्या तरी अस्थी सोडताना.

हे ऐकल्यावर मी गटाच्या प्रमुखांना विचारलं, तुमच्यात बायका का नाहीत? उत्तर सौजन्याचं होतं. “आम्ही कुणाला नाही म्हटलंय का? त्यांनी यावं की.” आणि थोड्या वेळानं, “खरं सांगू का, बायकांना धीर नसतो. गरवायला धीर लागतो.”

धीर! दूध उतू जाईपर्यंत त्याच्याकडे बघत उभी राहणारी, रात्री दोनला येणाऱ्या मुलासाठी भात झाकून बसणारी, तहसीलच्या बाकावर एका सहीसाठी चार फेऱ्या घालणारी बाई, आणि तिला धीर नाही. राहिला गरवण्याचा धीर. ज्या इंग्रज साहेबानं हौशी मासेमारीचे क्लब आणि असोसिएशनं आपल्याकडे आणली, (पवईच्या तलावावरची संघटना त्याच परंपरेतली) त्याच्याच देशातलं उदाहरण घ्या. ब्रिटनमध्ये गळानं पकडलेल्या सर्वांत मोठ्या सामन माशाचा विक्रम स्कॉटलंडमधल्या टे नदीवरचा आहे. ७ ऑक्टोबर १९२२ रोजी तिथे ६४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २९ किलोचा मासा लागला. तो पकडणारी जॉर्जिना बॅलन्टाइन ही पहिल्या महायुद्धात परिचारिका म्हणून काम केलेली बाई होती, नावाड्याची मुलगी. शंभर वर्षं उलटली, विक्रम अजून तिच्याच नावावर आहे. आमच्या आजीनं बापाच्या होडीत काय केलं असतं, हे सांगायला मात्र कुठली वही नाही.

आता “त्यांनी यावं की” याचा विचार करू. गट पहाटे सहाला भरतो, किंवा भरती असेल तसा. सहाला घरात चहा कोण करतं? पाणी येण्याची वेळ सहा ते सात. सून नोकरीला जाणारी असेल तर नातवंडांचे डबे सासूकडे. धक्क्यावर मुतारी नाही. पुरुषांना ती लागत नाही, ते कडेला उभे राहतात. दिवा नाही. पायऱ्यांना कठडा नाही, आणि गुडघे दुखणाऱ्या बायका गटातल्या पुरुषांपेक्षा आमच्या तपासणीत कितीतरी जास्त निघाल्या. वार्षिक वर्गणी फार नाही, पण ज्या बाईच्या हातात स्वतःचा पैसा म्हणून दरमहा निराधारचे १५०० रुपये येतात, तेही उशिरा, ती त्यातून गरीची वर्गणी काढणार नाही. दार उघडं आहे हे खरं, पण दारापर्यंत पोचणाऱ्या वाटेवर कुणाकुणाचं किती काम पसरलेलं आहे, हे दार उघडणाऱ्याला दिसत नाही.

आणि मासा लागल्यावर काय होतं? रविवारी अकरा-साडेअकराला नाना पिशवी घेऊन घरी येतात. पिशवीत चार-सहा शेंगट्या. शेंगटी बुळबुळीत, हाताला राख लावल्याशिवाय धरता येत नाही, आणि तिचा काटा लागला तर हात सुजून दिवसभर ठणकतो. ती विळीवर कोण घेणार? नानांचा छंद पिशवी ओट्यावर ठेवली की संपला. तिथून पुढं कल्ले, पोट साफ करणं, खोबरं वाटणं, तिरफळं घालून आमटी, तळण, नंतर वासाची भांडी, ओट्यावर लिंबू चोळणं. दोन तासांची हौस आणि अडीच तासांचं काम. या अडीच तासांची नोंद गटाच्या वहीत नसते. “आज माझ्या हातची तांबोशी खाऊन बघा,” असं एक काका मला म्हणाले होते. तांबोशी त्यांच्या हातची होती, आमटी मावशींच्या. मावशी दारात उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत.

याच मावशींनी नंतर एकटीत एक गोष्ट सांगितली, ती मला फार महत्त्वाची वाटते. त्या म्हणाल्या, “ते गरवायला गेले की मला सुट्टी. गेल्यापासून येईपर्यंत घर माझं.” नवरा निवृत्त होऊन घरी बसला की बाईचं काम वाढतं, हे आपण सगळ्या जाणतो. दिवसातून चार चहा, प्रत्येक भांड्यामागे सूचना, दुपारच्या झोपेवर पहारा. त्यामुळे अनेक बायका या गटाच्या सर्वांत मोठ्या समर्थक आहेत. आपल्या फुरसतीसाठी त्यांना दुसऱ्याच्या गैरहजेरीवर अवलंबून राहावं लागतं. तो घरी आला की ती संपते. याला मी फुरसत म्हणायला तयार नाही. मालक बाहेर गेल्यावर कामगार टेकतो, तेवढीच ती.

आकडे पाहिले तर हे आपल्या गावापुरतं नाही हे कळतं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, जे घरचं बिनमोलाचं काम करतात अशांत बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं आणि पुरुष ८८ मिनिटं त्यात घालवतात असं दिसलं. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, पुरुषाचीही नऊ वाचली, म्हणजे वाटणी जिथल्या तिथे. शिवाय हे आकडे काम करणाऱ्यांचे आहेत. घरकामाला हातच न लावणारे पुरुष त्यात धरलेले नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढच्या स्त्रिया सुमारे ५.३ कोटी होत्या, पुरुष ५.१ कोटी. त्या स्त्रियांत जवळजवळ निम्म्या विधवा, पुरुषांत विधुर १५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे म्हातारपण हा बहुतांशी बाईचा मामला आहे, त्यातही एकट्या बाईचा. आणि ‘ज्येष्ठ नागरिक’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येतो तो टोपी घातलेला, काठी टेकत बागेत फिरणारा गृहस्थ.

आमच्या समाजकार्याच्या अभ्यासक्रमातही तोच होता. एमएसडब्ल्यूला असताना वार्धक्याच्या पेपरात आम्ही कमिंग आणि हेन्री यांचा १९६१ चा सिद्धांत घोकला. म्हातारा माणूस हळूहळू समाजातून अंग काढून घेतो, समाजही त्याला मोकळं करतो, असं ते सांगतात. त्यावर पुष्कळ टीका झाली. मला त्यात खटकतं ते वेगळंच. समाज कुणाला मोकळं करतो? सत्तरीच्या बाईला सून बाळंत झाली की पुन्हा रात्रपाळी लागते. नवऱ्याला अर्धांगवायू झाला की ती परिचारिका होते. अंग काढून घेणं हे ज्याच्या जागी दुसरं कुणी उभं आहे त्यालाच परवडतं.

इथवर गोष्ट घरातल्या वाटणीची होती. पण धक्क्यावर आणखी बायका आहेत, आणि त्यांच्यामुळेच हा विषय आज तातडीचा झाला आहे.

धक्क्याच्या उजव्या अंगाला एक उतार आहे. ओहोटीला त्या उतारावरून खाली उतरून आठ-दहा बायका मुळे आणि तिसऱ्या गोळा करतात, खडकावरची कालवं फोडतात. यांतल्या निम्म्या तरी साठीच्या पुढच्या आहेत. कंबरभर चिखलात पायाच्या बोटांनी चाचपत शिंपली शोधायची, वाकून काढायची. कालवांच्या कडेनं बोटं कापतात, त्या जखमा खाऱ्या पाण्यात दिवसेंदिवस भरत नाहीत. मग उतारावर बसून कालवं फोडायची आणि बाजारात वाटे लावायचे. भरती-ओहोटीचं गणित गटाच्या चिटणीसांनी एका पुस्तिकेवरून सभासदांना शिकवलं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अदमासे निघते. या बायका ते कागदाशिवाय करतात. पुनवेला-अवसेला उजाडताना पाणी खूप लांब जातं, त्या दिवशी पहाटे काळोखातच उतरायचं, हे त्यांना आईकडून आलेलं ज्ञान आहे.

आता ग्रामपंचायत धक्क्याचं सुशोभीकरण करणार आहे. बाकं, शेड, फरशी, ज्येष्ठांसाठी विरंगुळ्याची जागा. संघानं मागणी केली, पाठपुरावा केला, याचं कौतुकच आहे. पण त्याच अर्जात एक ओळ आहे: उतारावर टाकलेल्या शिंपल्यांचे ढीग हटवावेत, दुर्गंधी येते, आणि उताराला तारेचं कुंपण घालावं. म्हणजे काही ज्येष्ठ नागरिकांना पाण्याकडे बघत बसता यावं म्हणून दुसऱ्या ज्येष्ठ नागरिकांची पाण्याकडे जायची वाट बंद. राज्याच्या २०१८ च्या धोरणानुसार ६० वर्षं पूर्ण झालेली प्रत्येक व्यक्ती ज्येष्ठ नागरिक आहे. पण चिखलातल्या बायकांना या गावात कुणी त्या नावानं ओळखत नाही. त्या ‘कालवंवाल्या’. ज्याला निवृत्ती मिळाली तो ज्येष्ठ, जिला मिळाली नाही ती नुसतीच म्हातारी.

यात जातही आहे, ती झाकून चालणार नाही. गटात खारवी, भोई, दालदी समाजातलं कुणी नाही. त्यांचे म्हातारे जाळी विणत बसतात, नाहीतर मुलाच्या बोटीवर भांडी घासतात. पाण्याशी पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचं नातं, त्यांच्या हातातली गरी म्हणजे पोट, त्यामुळे तिचं कौतुक नाही. तीच गरी पेन्शनवाल्याच्या हातात गेली की ती छंद होते आणि तिला शाल-नारळ मिळतो. वास मात्र दोघांच्या माशांना सारखाच येतो.

आमच्या संघटनेत या प्रश्नावर एकमत नाही, आणि ते वाचकांना सांगायला हवं. काही जणींचं म्हणणं, कालवंवाल्यांची वाट हा रोजीरोटीचा प्रश्न आहे, तो लढू. म्हाताऱ्यांच्या बायकांना धक्क्यावर बसायचंय हा चैनीचा प्रश्न आहे, तो त्याला जोडला तर दोन्ही हास्यास्पद होतील. दुसऱ्या काही जणी म्हणतात, बायकांसाठी वेगळा वार मागून घ्या, वाद कशाला. संघाच्या सभागृहात मंगळवारी दुपारी दोन ते चार महिलांसाठी भजनाची वेळ ठेवलेलीच आहे, तसंच.

मला दोन्ही पटत नाही. वेगळा वार म्हणजे उरलेले सहा वार त्यांचे हे मान्य करणं. दुपारी दोन ते चार ही वेळही बघा. स्वयंपाक, धुणं, भांडी आटोपून संध्याकाळचा चहा लागेपर्यंत जेवढी फट उरते, तेवढीच बाईला देऊ केली आहे. आणि चैनीचं म्हणाल, तर कालवं फोडणाऱ्या बाईला मी विचारलं, कुंपण नको हे झालं, आणखी काय हवं? ती म्हणाली, शेडमध्ये आम्हांलाही बसू देत, भरती उतरेपर्यंत आम्ही उन्हात थांबतो. तिला काम करायला वाट हवी आणि थांबायला सावली हवी. रोजी आणि विसावा हे दोन प्रश्न तिच्या दिवसात वेगळे नाहीत, ते आपण आपल्या अजेंड्यावर वेगळे केले. आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास आपले, ही मागणी कामगार चळवळीनं शंभरावर वर्षांपूर्वी केली तेव्हा तिला कुणी चैन म्हटलं असेल, तर ते मालकांनी.

एसटीचं उदाहरण आठवा. २०२२ मध्ये ७५ च्या पुढच्यांना एसटी मोफत झाली, मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. आमच्या भागात त्या वर्षी म्हाताऱ्या बायका एकट्या प्रवास करताना दिसू लागल्या. बहिणीकडे, मैत्रिणीकडे, काहीच काम नसताना बाजाराला. ‘बायका उगाच फिरतात’ अशी कुरकुरही तेव्हाच सुरू झाली. उगाच फिरता येणं हीच तर त्यातली मिळकत होती. भाडं कमी झालं तेव्हा इच्छा बाहेर आली. ती आधीपासून होती.

काय करता येईल? दुसऱ्या गावच्या गटांनाही उपयोग होईल म्हणून थोडं कामाचं सांगते. ग्रामपंचायत कायद्यानं आपल्या राज्यात नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे. बहुतेक गावांत ती कागदावर होते, सह्या घरोघरी फिरवून घेतात. ती प्रत्यक्ष घ्यायला लावायची आणि धक्क्याचा ठराव तिथे मांडायचा. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला दहा टक्के हिस्सा महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो सतरंज्या आणि शिलाई यंत्रांवरच का जावा? मुतारी, दिवा, कठडा यांची मागणी त्यातून करता येते. स्थानिक संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत, आमच्या या गावात सरपंचही बाईच आहे. तिला एकटीला गाठून बोलण्यापेक्षा तिच्या मागं पंचवीस जणी उभ्या राहिल्या तर तिलाही बोलायला जोर येतो, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे.

संघाशी भांडण काढायचं नाही असं आम्ही ठरवलं आहे. वही सांभाळणाऱ्या गुरुजींशी मी बोलले. बायको गेल्यापासून ते स्वतःचा मासा स्वतः साफ करतात. कुंपणाची ओळ अर्जात कुणी घातली हे त्यांना माहीत नव्हतं, असं ते म्हणाले. मी विश्वास ठेवला. शिंपल्यांचे ढीग हटवायला त्यांची हरकत असण्याचं कारण नाही, आमचीही नाही. शिंपल्यांचा चुना होतो, त्या वाहून न्यायची सोय करा, बायकांना हटवू नका, एवढंच म्हणणं आहे. गटातली आणखी दोघं-तिघं या बाजूला येतील असं त्यांना वाटतं. प्रमुख येतील का, यावर ते गप्प राहिले.

एक सूचना आमच्या तरुण कार्यकर्तीची, तिच्यावर बैठकीत बराच वेळ हशा झाला, पण मला ती पूर्ण गंभीर वाटते. गटाच्या नियमांत एक नियम वाढवावा, ज्यानं मासा धरला त्यानंच तो साफ करायचा. धक्क्यावरच, पाण्याशी, घरी न्यायच्या आधी. बाहेरगावच्या एका पुरुष पाहुण्यानं हे ऐकून विचारलं, “मग कोण येईल गरवायला?” त्यावर मावशी, त्याच त्या दारात उभ्या असलेल्या, पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या. “मी येईन,” म्हणाल्या.

महिला सभा पुढच्या महिन्यात आहे. अर्जावर चौतीस सह्या झाल्या आहेत, त्यांत अकरा अंगठे. मागण्या अशा: उताराला कुंपण नको. उतारावर पायऱ्या आणि एका बाजूला धरायला लोखंडी कठडा. बायकांसाठी दार आणि पाणी असलेली मुतारी. पहाटे आणि तिन्हीसांजेला पेटेल असा दिवा. शेडमधली बाकं कुणा एका संघाच्या नावावर न करता सर्वांना खुली. धक्क्यावर होडीतल्या आजीची सही पहिली आहे. तिनं सही करताना विचारलं की यात गरी आणि तंगूस पण मागता येईल का. ग्रामपंचायत गरी देत नाही, असं आम्ही तिला सांगितलं. तिच्या भावाच्या मुलानं ती आणून द्यायचं कबूल केलं आहे.